काच एक, डोळे चार



ह्या अंकासाठी कविता भरपूर आल्या. निम्म्याहून जास्त कवितांत ठिणगी आहे. कुणाची ठिणगी वणवा पेटवते, कुणाची व्यवस्थेची राख करते. मीही तेच लिहीत आलोय. दिवसभर गोदीत माल उचलायचा आणि रात्री वहीत ठिणग्या पाडायच्या. पण खरी ठिणगी कशी असते ते मला एका रात्रीत कळलं. म्हणून ह्या वेळी संपादकीयाच्या जागेत वेल्डिंगबद्दल लिहितोय. ज्याला वाटेल की लिटल मॅगझिनमध्ये हे कशाला, त्यानं पान उलटावं. पण उलटण्याआधी आपल्या गल्लीत ग्रीलच्या दुकानावर, बांधकामावर, गॅरेजमध्ये, बंदरात किती पोरं रॉड धरतात किंवा रॉड धरणाऱ्यासमोर लोखंड धरून उभी राहतात, ते एकदा मोजावं.

कंटेनर आले तसं गोदीतलं हातकाम कमी झालं. माल नसेल त्या दिवशी मुकादम सांगेल ते करायचं, नाहीतर घरी जायचं. त्या दिवशी एक बार्ज दुरुस्तीला लागली होती. मुकादम म्हणाला, ‘‘काय नाय, वेल्डरसमोर अँगल धरून उभा राहा.’’ वेल्डर दादा वयानं मोठा, हात साफ. त्याच्याकडे काच एक. टाका मारायच्या आधी तो ओरडायचा, ‘‘मीट रे!’’ मी डोळे मिटायचो. कधी वेळेवर, कधी उशिरा. अँगल हलला की शिवी पडायची, म्हणून कधी उघडेच ठेवायचो. असे तीन-चार तास गेले. संध्याकाळी काहीच नाही. जेवलो, झोपलो.

रात्री दोनला उठलो तो ओरडतच. डोळ्यांत कुणी मूठभर वाळू टाकून वर चोळतंय असं. पाणी थांबेना, पापणी उघडेना, दिव्याचा उजेड सुईसारखा. आई उशाशी बसून, ‘‘काय झालं रं, कुणी काय टाकलं डोळ्यात?’’ शेजारच्या काकीनं वाटीत दूध आणलं, कुणी बटाट्याचे काप ठेवायला सांगितले. सकाळी भावाकरवी मुकादमाला निरोप धाडला. उत्तर आलं, ‘‘डोळे मिटायचे ना साल्यानं!’’ दोन दिवसांची हजेरी गेली.

ते दोन दिवस अंधारात पडून मी एकच हिशोब करत होतो. काच एक, डोळे चार. हा हिशोब ठेकेदारानं आधीच केलेला होता. वेल्डरचे डोळे गेले तर वेल्डिंग थांबेल, म्हणून काच त्याला. हेल्परचे डोळे गेले तर नाक्यावर दुसरा हेल्पर उभाच आहे.

माझे डोळे परत आले. आमच्या चाळीतल्या एका पोराचं काहीच परत आलं नाही. पावसाळ्यात जहाजाच्या टाकीत उतरून तो वेल्डिंग करत होता. घामानं भिजलेला, चारी बाजूंनी लोखंड, रॉड बदलायला हात घातला आणि तिथंच पडला. वर स्विचपाशी कुणी नव्हतं. कागदावर कारण लिहिलं गेलं: कामगाराचा निष्काळजीपणा. त्याची आई तो शब्द आम्हाला वाचायला सांगायची. ‘‘म्हंजी माझ्याच लेकरानं चूक केली का?’’ आम्हा शिकलेल्यांकडे उत्तर नव्हतं. कवितांच्या वह्या होत्या, उत्तर नव्हतं. कारण रॉडच्या टोकाला किती व्होल्ट असतात हे आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.

बाबासाहेबांच्या शिकवणीत ‘शिका’ हा शब्द पहिला आहे. आपण त्याचा अर्थ शाळा-कॉलेजपुरता लावून मोकळे झालो. ज्या कामानं पोट भरतं ते काम शिकणं आणि ते काम आपल्याला कसं मारतं तेही शिकणं, हा त्याच शब्दाचा अर्थ आहे. तेव्हा मागच्या काही महिन्यांत वेल्डर दादांना विचारून, पुस्तकं चाळून, कायदा वाचून जे कळलं ते इथं मांडतो.

आधी डोळे. रॉड आणि लोखंड ह्यांच्यामध्ये जो आर्क पेटतो त्याचं तापमान हजारो अंशांत असतं. त्यातून दिसणारा उजेड येतो तसे न दिसणारे अतिनील किरणही येतात. ते बुबुळाच्या वरच्या पडद्याला भाजतात. उन्हात कातडी भाजावी तसंच. दगा असा, की भाजलेलं लगेच कळत नाही. काही तासांनी, बहुतेक रात्रीच दुखायला लागतं. म्हणून ठेकेदार म्हणू शकतो, ‘‘इथं तर तुला काय झालं नव्हतं.’’ साधारण एक-दोन दिवसांत पडदा भरून येतो. पण पुन्हा पुन्हा भाजून घेणं म्हणजे डोळा उधारीवर चालवणं.

रॉडच्या नेहमीच्या कामाला दहा ते बारा नंबरची काळी काच लागते. करंट जास्त तसा काचेचा नंबर जास्त. गॅस कटिंगचा हिरवा चष्मा पाच-सहा नंबरचा असतो, तो आर्कला चालत नाही. फुटपाथवरचा गॉगल तर नाहीच. तडा गेलेली काच म्हणजे काच नसल्यासारखीच. किरण भिंतीवरून, पत्र्यावरून उलटून येतात, म्हणून पाठ केलेला माणूसही पूर्ण सुटत नाही. मध्ये पडदा हवा. जाड ताडपत्री किंवा पत्र्याचा आडोसाही कामाला येतो. आणि वेल्डिंग झाल्यावर हातोडीनं पापुद्रा उडवताना साधा पारदर्शक चष्मा डोळ्यांवर असलाच पाहिजे. तो पापुद्रा गरम काचेसारखा उडतो आणि डोळ्यात रुततो.

लागलंच तर गार पाण्याची ओली घडी, अंधार आणि डॉक्टर. दूध, बटाट्याचा रस, लिंबू काहीही डोळ्यात घालू नका. आईचं प्रेम खरं, पण दुधात जंतू असतात आणि पडदा सोललेला असतो. मेडिकलवाल्याकडून डोळा बधिर करणारे थेंब आणून परत परत घालू नका. दुखणं थांबतं पण पडदा भरून येत नाही, उलट खराब होतो.

दुसरा करंट. लोक म्हणतात वेल्डिंगचा करंट लागत नाही, नुसत्या मुंग्या येतात. हे अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्यानंच पोरं मरतात. आर्क पेटलेला असताना टोकाला वीस-तीस व्होल्ट असतात. पण हात थांबला, मशीन चालूच राहिलं, की तेच पन्नास ते ऐंशी होतात. हल्लीचं खांद्याला लटकवायचं इन्व्हर्टर मशीन हलकं असलं तरी रिकामं असताना त्याच्या टोकालाही असंच व्होल्टेज असतं. कोरडा हात, कोरडा बूट, कोरडी जमीन असेल तर कातडी करंटला अडवते. घामानं भिजला की कातडी अडवायची बंद होते. म्हणजे मुंबईचा पावसाळा, लोखंडाची टाकी, ओले हातमोजे आणि रॉड बदलण्याचा क्षण. आमच्या चाळीतला पोरगा बरोबर त्याच क्षणी गेला. निष्काळजीपणा नावाची गोष्ट त्या टाकीत होती, पण ती टाकीच्या बाहेर बसणाऱ्यांची होती.

आणखी एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. बोर्डावर जो करंट गळाल्यावर पडणारा स्विच असतो, तो मशीनच्या आत येणाऱ्या विजेपुरता राखण करतो. मशीनमधल्या ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे, होल्डरच्या बाजूला शॉक बसला तर त्याला ते कळत नाही, तो पडत नाही. म्हणून ‘स्विच बसवलाय, बिनघोर जा’ हे ऐकून टाकीत उतरू नका. पायाखाली कोरडी फळी किंवा रबर हवं. मोजे कोरडे हवेत, जास्तीची जोडी हवी, एक भिजली की दुसरी. होल्डर काखेत धरायचा नाही. केबल अंगाभोवती गुंडाळायची नाही. सोललेली केबल कापड गुंडाळून चालवायची नाही. थांबलात की रॉड होल्डरमधून काढायचा. पाऊस अंगावर येत असेल तर काम बंद. टाकीत उतरायचंच असेल तर वर स्विचपाशी एक माणूस, त्याचं दुसरं कुठलंही काम नाही. हात थांबला की व्होल्टेज आपोआप खाली आणणारं साधनही मशीनला बसवता येतं, ते मागा.

वायर परतीची असो वा अर्थिंगची, दोन्ही एकच समजली जातात. तसं नाही. मशीनच्या पेटीचं अर्थिंग वेगळं, आणि करंट परत नेणारी क्लॅम्पची वायर वेगळी. क्लॅम्प जिथं टाका मारायचा त्या लोखंडालाच, जवळ लावायचा. आपल्याकडे तो कुठंतरी पाइपाला नाहीतर सळईला अडकवतात. मग करंट आपला रस्ता आपण शोधतो. कधी क्रेनच्या तारेतून, कधी साखळीतून, कधी कुणाच्या अंगातून. क्रेनची तार आतून भाजली की वरून दिसत नाही, आणि मग एक दिवस ती माल घेऊन तुटते. खाली कोण उभा असतो ते गोदीवाल्यांना सांगायला नको.

कुणी चिकटलाच तर धावत जाऊन त्याला धरू नका, दोघं मराल. आधी स्विच. स्विच सापडत नसेल तर कोरड्या लाकडानं सोडवा. श्वास नसेल तर छाती दाबत राहा, दवाखान्याची गाडी येईपर्यंत. हे दाबणं शिकायला लागतं, आणि तासाभरात शिकता येतं.

तिसरा धूर. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं वेल्डिंगचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातला. वेल्डिंगच्या अतिनील किरणांनाही त्याच गटात. जस्त चढवलेल्या पत्र्यावर काम केलं की रात्री हुडहुडी भरून ताप येतो, तोंडाला धातूची चव येते. लोक मलेरिया समजतात. स्टेनलेस स्टीलच्या धुरात क्रोमियमचा विषारी प्रकार असतो. रॉडमधलं मँगनीज वर्षानुवर्षं आत गेलं तर हात कापायला लागतात. क्लोरीन असलेल्या द्रवानं तेलकटपणा पुसून त्यावर आर्क लावला, तर पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरलेला फॉस्जीन वायू तयार होऊ शकतो. ह्यावर ठेकेदार गूळ वाटतो. गुळानं फुफ्फुस धुतलं जात नाही. तोंडाला बांधलेला रुमाल हा बारीक धूर अडवत नाही. डोकं धुराच्या झोताबाहेर ठेवा, वारा बाजूनं येईल असे उभे राहा, रंग आणि तेल आधी खरवडून काढा, आत काम असेल तर धूर ओढणारा पंखा मागा. आणि आतली हवा ताजी करायला ऑक्सिजनची नळी सोडणारा कुणी शहाणा भेटला तर त्याला आधी बाहेर काढा. ऑक्सिजननं कपडे कागदासारखे पेटतात.

चौथी आग. इथं आपली कवितेतली ठिणगी येते. ती म्हणजे वितळलेल्या लोखंडाचा थेंब. तो फटीत जातो, गाठीत जातो, पत्र्यापलीकडच्या खोलीत तापून बसतो. ९ फेब्रुवारी १९४२ ला न्यूयॉर्क बंदरात ‘नॉर्मंडी’ नावाचं अवाढव्य जहाज लोखंड कापताना उडालेल्या ठिणगीनं पेटलं. ठिणगी पडली ती जीव वाचवायच्या जॅकेटांच्या ढिगावर. रिकामा ड्रम रिकामा नसतो, त्यात वाफ असते. तेलाचा, रंगाचा, डिझेलचा ड्रम आतून साफ केल्याशिवाय आणि तपासल्याशिवाय त्यावर टाका मारणं म्हणजे बॉम्बला काडी लावणं. काम संपल्यावर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर, एक माणूस वाळू-पाणी घेऊन तिथं थांबला पाहिजे. त्याची हजेरीही लागली पाहिजे.

१४ एप्रिल आपण सगळे ओळखतो. त्याच तारखेला १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज फुटलं. ती आग वेल्डिंगची नव्हती. पण कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकाच जहाजात होता. शेकडो माणसं गेली, त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान. त्यांच्या आठवणीत देशात १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. त्या वर्षी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते, वीजधोरणाचं कामही त्याच खात्याकडे होतं. जयंतीच्या मंडपात आपण डीजेची वायर उघडीच जोडतो. निदान त्या दिवशी तरी आग आणि वीज ह्यांच्याकडे नीट बघायला काय हरकत आहे?

आता कायदा. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याचं ३५ वं कलम मी तीनदा वाचलं. डोळ्याला इजा होईल अशा कामात, जोरदार उजेडाच्या कामातही, काम करणाऱ्यांसाठी आणि त्या कामाच्या अगदी लगत असणाऱ्यांसाठी चष्मे किंवा पडदे पुरवायची तरतूद त्यात होती. लगत असणारा, म्हणजे मी. अँगल धरून उभा असलेला. माझ्या काचेची सोय मी जन्मायच्या कित्येक वर्षं आधी कागदावर झाली होती! जहाज दुरुस्ती हेही त्या कायद्यानं कारखान्याचंच काम धरलं होतं. ३६ व्या कलमात विषारी वायूच्या टाकीत उतरण्याबद्दल लिहिलं होतं: जाणकारानं तपासून लेखी दाखला द्यायचा, नाहीतर श्वासाचं साधन आणि कमरेला पट्टा-दोर, आणि दोराचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. ३७ व्या कलमात पेट घेणारा पदार्थ असलेली टाकी साफ केल्याशिवाय वेल्डिंगला मनाई होती.

२०२० साली हा कायदा, १९८६ चा गोदी कामगारांच्या सुरक्षेचा कायदा आणि आणखी अकरा कायदे मिळून एक नवी संहिता केली गेली. जुन्या कायद्यात विजेवर चालणारी जागा दहा कामगारांवर कारखाना ठरायची, संहितेत वीस कामगारांवर. आता सांगा, आपल्या गल्लीतल्या ग्रीलच्या दुकानात किती माणसं असतात? चार. कधी पाच. पण जिथं संहिता लागते तिथं मरणाचा किंवा मोठ्या इजेचा धोका दिसला तर मालकाला सांगायचा आणि निरीक्षकाला कळवायचा हक्क त्यात आहे. तो लेखी वापरा. कागदाची एक प्रत आपल्याकडे ठेवा. उद्या ‘निष्काळजीपणा’ लिहायला पेन उघडलं तर त्याच्यासमोर तो कागद ठेवता येईल.

काही मित्र म्हणतील, ‘‘मालक ऐकणार नाही, नाय म्हटलं तर कामावरून काढेल.’’ खरं आहे. एकट्यानं म्हटलं तर काढेलच. टाकीत कोण उतरतो, होल्डर कोण धरतो आणि बाहेर वही घेऊन कोण बसतो, ही वाटणी आपल्याला गावापासून ठाऊक आहे. तळाचं, अंधारातलं, घाणीचं काम कुणाचं हे तिथंही न बोलता ठरलेलं असायचं. म्हणून नकार एकट्याचा नको, टोळीचा हवा. वेल्डर दादा आणि हेल्पर दोघं मिळून म्हणाले, ‘‘दुसरी काच आल्याशिवाय आर्क पेटणार नाही,’’ तर एका काचेच्या किमतीसाठी कुठला ठेकेदार अख्खा दिवस बुडवेल?

दुसरी अडचण आपल्याच आत आहे. काच न लावता टाका मारणारा पोरगा आपल्यात हिरो ठरतो. मोजे घालणाऱ्याला ‘बाई’ म्हणतात. च्यायला, ही मर्दानगी कुणाच्या खिशात जाते ते बघा. तुझं धाडस म्हणजे ठेकेदाराच्या वाचलेल्या काचेचे पैसे. बरं, बायका बांधकामावर वेल्डरच्या हाताखाली लोखंड धरतात, त्यांना कुणी काच दिलेली मी तरी बघितली नाही. आपल्या मोर्च्यातल्या घोषणांत त्यांचे डोळे कधी आले?

मी वेल्डर दादाला नंतर भेटलो. त्याला वाटत होतं मी भांडायला आलोय. तो म्हणाला, ‘‘मला पण पहिल्या वर्षी लई वेळा लागलं. कुणी सांगितलंच नाय, मग मी तुला काय सांगणार?’’ आता आम्ही दोघं मिळून वस्तीत सांगतो. त्याला काम माहीत, मला वाचता येतं.

तर कवींना विनंती, ठिणगी लिहा, जरूर लिहा, पण आधी एक दिवस तिच्यासमोर उभे राहून या. काच लावून. आणि सगळ्यांना विनंती, पुढच्या बैठकीला आपापल्या वस्तीतून वेल्डिंगचं काम करणारा एक आणि लोखंड धरणारा एक, दोघांनाही घेऊन या. ज्याच्याकडे जी काच आहे ती आणा. नंबर वाचू, तडे बघू, कुणाकडे नाही त्याची यादी करू. छाती दाबायला शिकवणारा माणूसही बोलावू. वर्गणी काढू, आणि त्या वर्गणीचं बिल ठेकेदाराच्या नावानं फाडून त्याच्या टेबलावर नेऊन ठेवू. सगळे मिळून.

त्या पोराच्या आईला अजून उत्तर दिलेलं नाही. बैठकीनंतर तिच्याकडे जायचंय. ज्यांना यायचंय त्यांनी थांबावं.

जयभीम.